ऑक्टोबर-अखेर झरमॅट: दोन हंगामांच्या मधल्या दिवसांत जावं का?

सांजसावली | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. साताऱ्यात दिवाळी आटोपून आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येतायत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लेकाला शरद ऋतूची सुट्टी असते, तेवढेच दिवस आम्हा सगळ्यांना एकत्र मिळतात. आईने फोनवर एकच मागणी केली आहे, "मला बर्फाचा डोंगर जवळून दाखव." बाबांनी काहीच मागितलेलं नाही. ते कधीच काही मागत नाहीत.

माझ्या मनात स्वित्झर्लंडमधलं झरमॅट आहे. नवरा म्हणतो, तिथला उन्हाळा संपलेला असतो आणि स्कीइंग सुरू झालेलं नसतं, अर्धी हॉटेलं बंद, रोपवे बंद, चार दिवस बंद दारं बघत फिरायचं का? त्याच्या ऑफिसातले लोकही हेच म्हणाले.

बाबा ६८ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आई ६४, गुडघे थोडे कुरकुरतात. त्या दिवसांत तिथे कुणी गेलं असेल तर खरं काय ते सांगा. दुसरी जागा सुचवलीत तरी चालेल, पण आईला डोंगर दिसला पाहिजे.

---

एकपान | १२ सप्टेंबर, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. आम्हालाही जायचंय.

---

लिमाटकाठ | १२ सप्टेंबर, रात्री ११:१५

सांजसावली, बिनधास्त जा. मात्र नीट बघून जा.

झुरिकमध्ये अकरा वर्षं झाली आणि आल्प्समध्ये मी सगळ्यात जास्त फिरतो ते याच दिवसांत. नवऱ्याचं म्हणणं चूक नाही, पण ते प्रत्येक गावाला सारखं लागू होत नाही. स्कीच्या गावांमध्ये या काळाला 'त्स्विशेनझेझोन' म्हणतात, म्हणजे मधला हंगाम. साधारण मध्य ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात. काही गावं या दिवसांत जवळजवळ झोपतात, काही अर्धवट जागी असतात. झरमॅट दुसऱ्या प्रकारात येतं, कारण तिथे वर हिमनदीवर बाराही महिने स्कीइंग चालतं.

तुम्हाला महत्त्वाचं काय, तर गोर्नरग्राटची गाडी वर्षभर धावते. ही १८९८ सालची दातेरी रुळांची रेल्वे आहे आणि पहिल्या दिवसापासून विजेवर चालते. गावातून ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेते. आईंना चालावं लागणार नाही, खिडकीतून माटरहॉर्न, म्हणजे झरमॅटचं ते प्रसिद्ध शिखर, दिसत राहील आणि वर पोचल्यावर चारी बाजूंनी चार हजार मीटरच्या वरची शिखरं. जाताना उजवीकडच्या खिडक्या धरा.

याउलट टिटलिस डोंगरावरच्या रोपवेला बहुतेक वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला देखभालीसाठी काही दिवस कुलूप असतं. तुमच्या तारखांना ते उघडं असेल, पण पुढच्या आठवड्यात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. म्यूरेन-शिल्टहॉर्नच्या बाजूलाही शरदात बंद काळ येतो. हॉटेलचे पैसे भरण्याआधी प्रत्येक रोपवेच्या संकेतस्थळावर तारखा बघणं हे पहिलं काम.

---

घाटवाट | १३ सप्टेंबर, सकाळी ७:२०

मी विरोधी मत नोंदवतो.

आम्ही चौघं मागे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आल्प्समधल्या एका स्की-गावी गेलो होतो. गावाचं नाव देत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. पाचपैकी चार रोपवे बंद होते. तीन दिवस ढग खाली उतरलेले, समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. वाटांवर सावलीच्या बाजूला काचेसारखा बर्फ होता आणि उन्हाच्या बाजूला चिखल. बायको घसरली, मनगट दुखावलं. जेवायला गावात दोनच ठिकाणं उघडी होती, त्यातलं एक सोमवार-मंगळवार बंद.

तरुणांनी जावं, आठवण म्हणून छान असतं. पण आयुष्यात एकदाच येणाऱ्या आई-वडिलांना अशा पणाला लावू नये. त्यांना जून ते सप्टेंबरमध्ये आणा.

---

सांजसावली | १३ सप्टेंबर, दुपारी १२:३०

घाटवाट, मनगटाचं वाचून वाईट वाटलं. हीच भीती माझ्याही मनात आहे. पण जूनमध्ये लेकाची शाळा, माझं काम आणि बाबांची पेरणी, सगळं एकदम येतं. निवृत्तीनंतर ते गावी दीड एकर बघतात. त्यामुळे आत्ता नाही तर कधी, असा प्रश्न आहे.

लिमाटकाठ, संकेतस्थळ पाहिलं. सुनेगाकडे जाणारी बोगद्यातली गाडी आमच्या तारखांना बंद दिसते. गोर्नरग्राट चालू. हिमनदीकडचा रोपवे चालू.

---

तांबडफुटी | १३ सप्टेंबर, रात्री ८:५०

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकत असताना स्वित्झर्लंडमध्ये दीड वर्ष काम केलं, त्यातला एक हिवाळा आणि त्याआधीचा शरद 'वाले' नावाच्या खोऱ्यातल्या, म्हणजे झरमॅटच्याच प्रांतातल्या, एका स्की-गावात काढला. त्या दिवसांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही.

ऑक्टोबर निम्मा झाला की गावाचा आवाजच बदलतो. हंगामी कामगार घरी जातात. वाले खोऱ्यातल्या हॉटेलांमध्ये पोर्तुगीज माणसं फार. झरमॅटमध्ये तर त्यांची मोठी वस्तीच आहे. कुणी महिनाभर आई-बापाकडे जाऊन येतात. मागे राहतात ते कामाला लागतात. आम्ही गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले, एकशे चाळीस खुर्च्यांचे पाय घासले, तळघरातले बर्फात घालायचे बूट जोडीने लावले. सुतार येतो, रंगारी येतो, प्लंबर येतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं शाकारायची घाई असते ना, तसंच वातावरण.

आणि गावातली माणसं या दिवसांत एकमेकांना भेटतात. हंगामात त्यांना शेजाऱ्याशी बोलायला वेळ नसतो. लग्नं, बारशी, गावकीच्या बैठका, सगळं याच आठवड्यांत. आमची मुख्य आचारीण म्हणायची की वर्षातले हे सहा आठवडे गाव आमचं असतं.

म्हणून सांजसावली, एक विनंती. बंद पाटी दिसली तर नाराज होऊ नका. ते लोक आठ महिने उभे होते, आता बसलेत. दारात जाऊन 'ग्रुएत्सी' (स्विस-जर्मनमधला नमस्कार) म्हणा, तुमच्या आईंना हातानेच नमस्कार करू दे. हंगामात जी माणसं तुमच्याकडे बघायलाही रिकामी नसतात, ती या दिवसांत खुर्ची ओढून गप्पा मारतात. हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

---

निरगुडी | १३ सप्टेंबर, रात्री ९:३०

तांबडफुटी, किती सुंदर लिहिलंयस! स्वतंत्र लेख कर ना याचा.

---

पोटोबा | १३ सप्टेंबर, रात्री १०:१०

मुद्द्याचं कुणी बोलत नाहीये. खायचं काय?

शरदातच वाले खोऱ्यात 'ब्रिझोले' मिळतं. भाजलेले चेस्टनट, सोबत चीज, फळं आणि त्या वर्षीची ताजी वाइन. खाली मार्टिन्यीच्या जवळ फुली नावाचं गाव आहे, ते चेस्टनटसाठी प्रसिद्ध. भाजलेल्या चेस्टनटची चव आपल्या उकडलेल्या रताळ्याच्या जवळ जाते, त्यामुळे आईंना आवडणार. शिकारीचाही हाच मोसम असतो, म्हणून सगळ्या मेन्यूंवर हरणाचं मांस दिसेल. शाकाहारी असाल तर त्याच्याबरोबर येणारी लाल कोबी, चेस्टनट आणि श्पेत्स्ले (छोट्या जाड शेवयांसारखा पदार्थ) एवढंच ताट मागा, देतात. रॅक्लेट, म्हणजे वितळवलेलं चीज, आहेच. फोंड्यूत वाइन असते, आई-बाबांना चालत नसेल तर आधी विचारा.

आणि १ नोव्हेंबरला वाले कॅथलिक असल्यामुळे सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी असते. दुकानांच्या वेळा बदलतात, काही बंदच. आदल्या दिवशी दूध-ब्रेड घेऊन ठेवा. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. आईंनी दिवाळीचा चिवडा आणला असेल तर मग काळजीच मिटली.

---

दुर्बीण | १४ सप्टेंबर, सकाळी ९:००

+१ पोटोबा. चकली आणि रॅक्लेट ही जोडी आम्ही करून पाहिली आहे, अप्रतिम लागते.

---

खडकओळख | १४ सप्टेंबर, सकाळी ११:४५

भूगर्भशास्त्र शिकवण्यात चौतीस वर्षं गेली, त्यामुळे राहवत नाही.

हिमनदी बघायची तर सप्टेंबर-ऑक्टोबरसारखा काळ नाही. उन्हाळाभर वितळून वरचं जुनं हिम गेलेलं असतं आणि नवं नीटसं साठलेलं नसतं. त्यामुळे खालचा खरा निळसर-करडा बर्फ, त्यातल्या भेगा, दगडधोंड्यांच्या लांब रांगा, सगळं उघडं असतं. हिमनद्यांचं हिशेबाचं वर्षही ३० सप्टेंबरला संपतं. संशोधक त्या सुमारास बर्फात रोवलेल्या खुंट्या मोजतात आणि वर्षात किती गेलं ते ठरवतात. २०२२ मध्ये स्विस हिमनद्यांचं ६ टक्के घनफळ गेलं, २०२३ मध्ये आणखी ४ टक्के. दोन वर्षांत दहावा हिस्सा! मी १९९४ साली गोर्नर हिमनदी पाहिली होती आणि अलीकडे पुन्हा पाहिली. डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

याचा परिणाम स्कीइंगवरही दिसतो. झरमॅटहून खाली इटलीतल्या चेर्व्हिनियाकडे उतरणारी स्कीइंगची विश्वचषक शर्यत ऑक्टोबर-अखेर आणि नोव्हेंबरसाठी आखली होती. २०२२ मध्ये पुरेसं हिम नव्हतं म्हणून रद्द, २०२३ मध्ये हिमवृष्टी आणि वाऱ्यामुळे रद्द. दोन वर्षांत एकही शर्यत झाली नाही. उंच डोंगरात शरद किती बेभरवशाचा असतो ते यावरून कळावं. इथे घाटवाट यांचा मुद्दा मला पटतो.

बाबांच्या रक्तदाबासाठी: ३,८८३ मीटरचा हिमनदीवरचा रोपवे त्यांना नको. गोर्नरग्राटला जातानाही वाटेत रिफेलबेर्गला (२,५८२ मीटर) उतरून तासभर थांबा, मग वर जा. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचाराच.

---

एकपान | १४ सप्टेंबर, दुपारी १:१०

तिथली झाडं ऑक्टोबरात पिवळी दिसतात ती वाळलेली असतात का? फोटोत अख्खा डोंगर पिवळा दिसतोय.

---

खडकओळख | १४ सप्टेंबर, दुपारी २:००

वाळलेली नाहीत. ती लार्चची झाडं. सूचिपर्णी असूनही दरवर्षी पानं टाकणारं हे आल्प्समधलं एकमेव झाड. आपला साग उन्हाळ्यात पाणी वाचवायला पानं टाकतो. लार्चच्या मुळांना हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नाही, म्हणून तो थंडीआधी टाकतो. टाकण्यापूर्वी पानांतलं हिरवं द्रव्य मोडून त्यातलं पोषण झाड परत आत ओढून घेतं आणि मागे पिवळं राहतं. झरमॅटच्या आसपास हा रंग ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भरात असतो. पानं हातात घेऊन बघा, सुईसारखी दिसतात पण टोचत नाहीत. लार्चच्या शेजारी जी गर्द हिरवी राहतात ती 'आर्व्हे', पाईनची एक जात.

---

कोकणकडा | १४ सप्टेंबर, रात्री ८:२५

मी शामोनीबद्दल लिहितो. फ्रान्समधलं हे गाव, माँ ब्लाँच्या पायथ्याशी, १९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं ते. आम्ही जिनिव्हाहून ऑक्टोबरच्या शेवटी गेलो होतो. तिथला ३,८४२ मीटरवरचा एग्वी द्यु मिदीचा रोपवे नोव्हेंबरात बंद होतो, आम्हाला तो बंद होण्याच्या आधीचे शेवटचे दिवस मिळाले.

पण मी गेलो होतो वेगळ्या कारणासाठी. माझे वडील तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्रात नोकरीला होते. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा होते. त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान त्याच डोंगरावर पडलं होतं, ४८ माणसं गेली, त्यांतले बरेचसे बोटीवर कामाला निघालेले आपले खलाशी. त्यांच्या शोधासाठी वर चढलेल्या शामोनीच्या एका वाटाड्याचाही जीव गेला.

ते सगळं बॉसाँ हिमनदीने पोटात घेतलं आणि ती अजून थोडं थोडं परत देते आहे. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं वर आली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी वाचता येत होती. चौपन्न वर्षं बर्फात.

बॉसाँची जीभ खालच्या रस्त्यावरून दिसते. आम्ही गेलो तेव्हा वाटेवर कुणी नव्हतं. उन्हाळ्यात तिथे गर्दी असते, मला तिथे एकट्याने उभं राहायचं होतं. वडिलांचा जुना बिल्ला खिशात होता. दहा मिनिटं उभा राहिलो आणि खाली आलो. शरदात गेलो म्हणूनच ते जमलं.

---

निरगुडी | १४ सप्टेंबर, रात्री ९:०५

काय लिहावं कळत नाही. धन्यवाद, कोकणकडा.

---

घाटवाट | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

कोकणकडा, माझा नमस्कार तुमच्या वडिलांना. हे मला माहीत नव्हतं.

---

दुर्बीण | १५ सप्टेंबर, सकाळी १०:१५

परत धाग्याकडे. हे रोपवे इतके आठवडे बंद ठेवून करतात तरी काय? एका दिवसात तेलपाणी होत नाही का?

---

लिमाटकाठ | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

याला इथे 'रेव्हिजन' म्हणतात आणि ते चांगलं मोठं प्रकरण असतं. रोपवेचे पाळणे एकेक करून तारेवरून उतरवतात. प्रत्येक पाळण्याच्या वर तार धरणारी पकड असते, ती सोडवून, उघडून, झिजलेले भाग बदलून, परत बसवून तपासतात. खांबांवरच्या चाकांचे रबर बदलतात. पोलादी तार चुंबकीय यंत्रातून फिरवतात, म्हणजे आतली एखादी तंतूएवढी तार तुटली असेल तरी कळते. मोठ्या रोपवेची जाड तार ठराविक वर्षांनी थोडी पुढे सरकवतात, म्हणजे खांबावर टेकणारा तोच तो भाग सतत दाबला जात नाही. शेवटी रिकामे पाळणे वजन घालून चालवतात, ब्रेक तपासतात आणि मग माणसं चढवतात.

बर्फ पडल्यावर हे करता येत नाही आणि ऐन उन्हाळ्यात गर्दी असते. म्हणून शरद.

---

दुर्बीण | १५ सप्टेंबर, दुपारी २:००

म्हणजे गाडीचं पासिंग! आता समजलं. रायगडचा रोपवेही देखभालीसाठी बंद असतो, तेव्हा लोक पायथ्याशी येऊन चिडतात. त्यांना ही पोस्ट वाचून दाखवली पाहिजे.

---

माथेरानची_माती | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

झरमॅट आणि माथेरान यांच्यात मला कायम साम्य वाटतं. दोन्हीकडे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी. इथे दस्तुरी नाक्याला गाडी ठेवायची, तिथे टॅशला ठेवायची आणि बारा मिनिटांच्या रेल्वेने वर जायचं. दोन्हीकडे शतकाहून जुनी डोंगरातली रेल्वे, आमची १९०७ ची. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते आणि गाव धुक्यात बुडतं.

मी तिथलीच. जून-जुलैत आमचं गाव बघायला जे चार लोक येतात, ते आम्हाला नावानिशी आठवतात. मे महिन्यातला एकही आठवत नाही. सांजसावली, जा तुम्ही.

---

सांजसावली | १६ सप्टेंबर, रात्री १०:००

काल आई-बाबांशी बोलले. घाटवाटांची पोस्टसुद्धा वाचून दाखवली, मनगटासकट. आई म्हणाली, "ढग आले तर ढग बघू." बाबांनी पहिल्यांदा काहीतरी विचारलं, "ते तारेचं पासिंग बघायला देतात का?" ते एसटीच्या सातारा आगारात मेकॅनिक होते, एकतीस वर्षं.

२८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर नक्की केलंय. स्वयंपाकघर असलेली जागा, स्टेशनपासून सात मिनिटांवर.

---

घाटवाट | १६ सप्टेंबर, रात्री १०:४५

मग जाच. बुटांना खालून लावायचे काटे मिळतात, रबरी पट्ट्याचे. पाचही जणांसाठी घ्या. काठ्या दोन. त्या आठवड्याआधी घड्याळं तासभर मागे गेलेली असतील, पाचनंतर अंधार समजा. ढगांसाठी रोज सकाळी आधी वेबकॅम बघा, मगच तिकीट काढा. खाली धुकं आणि वर स्वच्छ ऊन असंही असतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

लिमाटकाठ | १७ सप्टेंबर, सकाळी ८:१०

घाटवाट यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. त्यात भर: दक्षिणेकडून 'फोएन' वारा सुटला तर वरचे रोपवे थांबतात, तेव्हा एक दिवस हातचा ठेवा. आई-बाबांसाठी अर्ध्या भाड्याचं कार्ड काढा, गोर्नरग्राटलाही चालतं. तुमची गाडी झुरिकहून फिस्पला बदलून, सव्वातीन तासांच्या आसपास.

---

एकपान | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सांजसावली, आलात का परत? रुमाल अजून तिथेच आहे.

---

सांजसावली | ८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आलो. आई-बाबांची झोप, लेकाची शाळा, धुणं, सगळं मार्गी लागलं आणि आता लिहायला बसले.

पहिला दिवस पूर्ण ढगात. फिस्पपासून वर जाताना काहीच दिसलं नाही. मुख्य रस्त्यावर दर दोन दुकानांमागे एकाला खोकी रचलेली, काचेवर 'डिसेंबरमध्ये भेटू' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही. संध्याकाळी आम्ही हिंटरडोर्फ या जुन्या भागात गेलो. काळ्या पडलेल्या लाकडाची धान्याची कोठारं आहेत, चार-पाच शतकांपूर्वीच्या पद्धतीची. खालच्या प्रत्येक खांबावर जात्याच्या तळीएवढी सपाट दगडी चकती, उंदीर चढू नये म्हणून. आईने चकतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या कणगीला हे सुचलं असतं तर किती जोंधळा वाचला असता." अर्धा तास आम्ही तिथेच होतो, दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला उठून वेबकॅम पाहिला. वर लख्ख! साडेआठची गाडी धरली, उजवीकडच्या खिडक्या. डब्यात आम्ही पाच आणि आणखी तिघं. एका वळणावर ढग खाली राहिला आणि समोर माटरहॉर्न. खाली पिवळे लार्च, वर नुकतं पडलेलं पांढरं. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वण उठला. ती काहीच बोलली नाही. रिफेलबेर्गला तासभर थांबलो, बाबांना काही त्रास नाही. वर गोर्नरग्राटला पोचल्यावर खडकओळख सर, तुमची हिमनदी पाहिली. वर हिमाची पातळ साय होती, पण भेगांमधून निळा रंग दिसत होता. १९९४ चं तुम्ही लिहिलेलं लेकाला सांगितलं, त्याने दगडांची रांग बघून आधी बर्फ कुठवर होता ते ओळखलं. उतरताना रोटनबोडेनहून काटे लावून रिफेलसेच्या तळ्यापर्यंत मी आणि लेक गेलो. काठ गोठलेला, मधलं पाणी मोकळं, आणि त्यात उलटा डोंगर.

घाटवाट, काट्यांबद्दल किती आभार मानू? सावलीतला तो काचेचा बर्फ आम्हालाही भेटला.

तिसऱ्या दिवशी वारा होता, वरचं सगळं बंद. चौथ्या दिवशी फुरीपर्यंत रोपवेने गेलो, आणि हे मला सविस्तर लिहायचंय.

फुरीला उतरलो तर रिफेलबेर्गकडे जाणारी लाइन बंद. पाळणे आत ओळीने उभे, काहींच्या पकडी काढून टेबलावर मांडलेल्या. बाबा कठड्यापाशी थांबले. आम्ही पुढे गेलो, मागे वळून पाहिलं तर ते तिथेच. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आत काम करणाऱ्या एका माणसाने मान वर केली. बाबांनी हाताने खूण केली, स्प्रिंग दाबून बघितल्यासारखी, आणि भुवया उंचावल्या. तो माणूस हसला. हात पुसत कठड्यापाशी आला, एक पकड उचलून आणली आणि बाबांच्या हातात दिली. तो पोर्तुगीज होता, त्याला जर्मन यायचं आणि मला थोडं. पण माझी गरज फार पडलीच नाही. जबडा कुठे झिजतो ते त्याने बोटाने दाखवलं, बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या बाजूची झीज दाखवली. मग तो आत गेला आणि जुना टाकलेला जबडा घेऊन आला, बाजूला ठेवून नवा आणि जुना यातला फरक दाखवला. बाबा मराठीत म्हणाले, "आमच्याकडे ब्रेक लायनर असाच तिरका खायचा." त्याने "सिम, सिम" म्हटलं, म्हणजे हो, हो. त्याला कळलं होतं, अशी माझी खात्री आहे.

चाळीस मिनिटं गेली. निघताना बाबांनी खिशातून आईच्या करंज्यांची पुडी काढून त्याला दिली. त्यांनी ती खिशात का ठेवली होती, मला अजून माहीत नाही.

१ तारखेला संध्याकाळी चर्चजवळच्या दफनभूमीत गावातली माणसं दिवे लावायला आली होती. गिर्यारोहकांच्या कबरीही तिथेच आहेत, १८६५ मध्ये पहिल्या चढाईहून उतरताना दोर तुटून गेलेल्या काहींच्यासुद्धा. शेकडो छोटे लाल दिवे, वर अंधार, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आई म्हणाली की दिवाळी इथेही आहे. एका आजींनी तिला एक दिवा दिला, ज्या कबरीवर दिवा नव्हता तिथे तिने तो ठेवला. तांबडफुटी, खुर्ची ओढून बसणारी माणसं म्हणालीस ती हीच.

---

तांबडफुटी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:५०

रडवलंस गं.

---

दुर्बीण | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

बाबांना माझा सलाम. आगारातल्या माणसाचे डोळे!

---

घाटवाट | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी माझं मत बदलतो. निम्मं. ढग तीन दिवस राहिले असते तर काय, हा प्रश्न माझ्यापुरता अजून आहे. पण पुढच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं परत जाणार, कालच घरी ठरलं. मनगट आता बरं आहे.

---

खडकओळख | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:००

लेकाने दगडांची रांग ओळखली हे वाचून फार आनंद झाला. त्याला सांगा, त्याच जागेवरून दर काही वर्षांनी एक फोटो काढून ठेव.

---

एकपान | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

रुमाल उचलला. तिकिटं बघतोय. सांजसावली, राहायच्या जागेचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

---

सांजसावली | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

करते. आणि पोटोबा, चकली-रॅक्लेट केलं. आईने साताऱ्याला फोन करून मावशीला सांगितलं, "चीज वितळवून चकलीवर घालतात इकडे." मावशीला वाटतंय ही स्विस लोकांची पद्धत आहे.